‘फॉर एव्हर’ म्हणजे किती दिवस ?

इंग्रजी भाषेंतील ‘एव्हर’ हा शब्द इतका लहान आणि इतका वापरांतला आहे कीं, तो उच्चारतांना आपण अनंतकाळाविषयीं बोलत आहों याची जाणीवहि बोलणारास होत नाहीं. पत्राच्या शेवटीं ‘युअर्स एव्हर’ म्हणून सही होते; प्रार्थनेच्या अखेरीस भाविक ‘फॉर एव्हर अँड एव्हर’ म्हणतो; वकील खरेदीखतांत तेच शब्द घालतो; दोन राजे तह करूं लागले म्हणजे त्यांचे मुत्सद्दी तेच शब्द लिहितात; आणि अमका मनुष्य सदा कुरकुरत असतो एवढेंच सांगावयाचें असलें तरीहि इंग्रज मनुष्यास ‘फॉर एव्हर’च आठवतें. एकाच शब्दानें इतकीं कामें करावयाचीं म्हटल्यावर त्याचा अर्थ सर्व ठिकाणीं सारखा राहणें शक्य नाहीं. किंबहुना या शब्दाचा आणि ‘इटर्नल’, ‘पर्पेच्युअल’ इत्यादि त्याच्या भाऊबंदांचा इतिहास म्हणजे त्यांच्या अर्थावरून झालेल्या तंट्यांचाच इतिहास होय. त्या तंट्यांत एका प्राध्यापकाची जागा गेली, बंगालच्या शेतकऱ्याचें नशीब ठरलें आणि साताऱ्याचें राज्य बुडालें.

प्रथम शब्दाचें कूळ पाहूं. ‘एव्हर’ हा शब्द जुन्या अँग्लो-सॅक्सन भाषेंतून आलेला आहे. त्याची नेमकी फोड कशी करावी याविषयीं भाषाशास्त्रज्ञांचें एकमत नाहीं. परंतु त्याच्या मुळाशीं ‘सदा’ या अर्थाचा ‘आ’ हा जुना शब्द असावा, असें पुष्कळांस वाटतें. या ‘आ’चे सोयरे दूरवर पसरलेले आहेत. लॅटिनमधील ‘ऐवुम्’, ग्रीकमधील ‘ऐओन्’ आणि आपल्या संस्कृतांतील ‘आयुस्’ हे सारे एकाच मुळाचे फांटे होत. ‘ऐवुम्’पासूनच इंग्रजींतील ‘इटर्नल’ व ‘इटर्निटी’ हे भारदस्त शब्द निघाले, आणि वय दाखविणारा साधा ‘एज’ हा शब्दहि त्याच घरांतला. यावरून एक मौजेची गोष्ट ध्यानांत येते. ज्या शब्दानें पुढें अनंतकाळ सुचविला जाऊं लागला, तो मुळांत माणसाच्या आयुष्याचा शब्द होता. होमरच्या काव्यांत ‘ऐओन्’ म्हणजे मनुष्याची जीवनशक्ति किंवा त्याचा जीवनकाल. पुढें त्याचा अर्थ पिढी, मग युग, आणि शेवटीं अनंतकाळ असा वाढत गेला. मनुष्यानें आपल्या आयुष्याचीच दोरी ताणून तिनें काळ मोजावयास आरंभ केला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

दोरी कितीहि ताणली तरी ती दोरीच राहते, हें विचारवंतांच्या लवकरच ध्यानांत आलें. सहाव्या शतकांत बोएथियस नांवाचा एक रोमन पंडित राजा थिओडोरिक याच्या बंदिवासांत पडला, आणि सुमारें इ. स. ५२४ मध्यें त्याला देहान्त शासन झालें. मृत्यूची वाट पाहत असतां त्यानें तत्त्वज्ञानापासून मिळणाऱ्या समाधानावर जो ग्रंथ लिहिला, त्यांत अनंतत्वाची व्याख्या केलेली आहे. तिचा भावार्थ असा कीं, ज्यास शेवट नाहीं असें जीवन संपूर्णपणें आणि एकाच क्षणीं ज्याच्या हातीं असतें तेंच खरें शाश्वत. जग कितीहि काळ चाललें, त्याला आदि नाहीं व अंत नाहीं असें मानलें, तरी तें क्षणामागून क्षण असेंच चालणार; त्याला ‘अविरत’ म्हणावें, ‘शाश्वत’ म्हणूं नये. हा ग्रंथ इंग्रजांना फार प्रिय झाला. नवव्या शतकांतील आल्फ्रेड राजाच्या नांवें त्याचें जुन्या इंग्रजींतील भाषांतर प्रसिद्ध आहे; चॉसर कवीनें तो भाषांतरिला, आणि १५९३ सालीं खुद्द एलिझाबेथ राणीनेंहि त्याचें भाषांतर केलें.

आपल्याकडील पतंजलीनें हाच प्रश्न व्याकरणाच्या अंगानें बोएथियसच्या कित्येक शतकें आधीं हाताळला होता. महाभाष्याच्या आरंभींच ‘नित्य’ शब्दाची चर्चा आहे. जें कधीं ढळत नाहीं, बदलत नाहीं, तें नित्य, हा एक अर्थ. परंतु पतंजलि तेथेंच थांबत नाहीं. एखादी गोष्ट वारंवार घडत असली तरी तिला लोक नित्य म्हणतात, हें तो दाखवून देतो, आणि उदाहरण देतो तें सदा हसणाऱ्या व सदा बडबडणाऱ्या मनुष्याचें. असा मनुष्य झोपेंत कांहीं बडबडत नसतो. तरी लोक त्याला नित्य बडबड्याच म्हणतात. इंग्रजींतील सदा कुरकुरणारा गृहस्थ आणि महाभाष्यांतील हा बडबड्या यांची जात एकच. शाश्वतपणाचा मोठा शब्द घरगुती तक्रारीसाठीं खालीं उतरतो, तो सर्वच भाषांत उतरतो.

विद्वानांच्या चर्चेंत शब्दाचे दोन अर्थ सुखानें नांदूं शकतात. धर्मशास्त्रांत आणि कायद्यांत मात्र त्यांतला एक निवडावा लागतो. यहुदी लोकांच्या जुन्या धर्मग्रंथांत गुलामासंबंधीं एक नियम आहे. सहा वर्षें सेवा झाल्यावर हिब्रू गुलामास मोकळें करावें. परंतु त्यानें आपण होऊन धन्याकडेच राहण्याची इच्छा दर्शविली, तर त्याचा कान दाराशीं नेऊन आरीनें टोंचावा, आणि मग त्यानें धन्याची सेवा सदासर्वकाळ करावी. येथें मूळ शब्द ‘ओलाम्’ हा आहे, आणि १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत तो ‘फॉर एव्हर’ असा उतरला आहे. पण याच धर्मग्रंथांत दुसरीकडे असें सांगितलें आहे कीं, दर पन्नासाव्या वर्षीं सर्वत्र मुक्ततेची घोषणा करावी. दोन वचनांचा मेळ घालतांना यहुदी शास्त्र्यांनीं निर्णय दिला कीं, येथें ‘सदासर्वकाळ’ म्हणजे पुढील पन्नासावें वर्ष उजाडेपर्यंत. गुलामाच्या बाजूनें लावलेला हा अर्थ होता. शब्द आंखूड झाला खरा, पण त्यामुळें मनुष्याचे पाश सैल झाले.

ख्रिस्ती धर्मांत हाच प्रश्न नरकयातनांच्या संबंधानें उभा राहिला. पाप्यास होणारी शिक्षा नव्या करारांत ज्या ग्रीक विशेषणानें सांगितली आहे, तें ‘ऐओन्’पासून बनलेलें आहे. त्याचा अर्थ ‘कधींहि न संपणारी’ असा घ्यावयाचा, कीं ‘पुढील युगांतली’ असा घ्यावयाचा ? लंडनच्या किंग्ज कॉलेजांत फ्रेडरिक डेनिसन मॉरिस नांवाचे प्राध्यापक होते. त्यांनीं १८५३ सालीं आपल्या धर्मविषयक निबंधांत असें प्रतिपादन केलें कीं, ‘इटर्नल’ या शब्दाचा काळाच्या लांबीशीं संबंधच जोडूं नये. ईश्वराशीं असलेलें नातें म्हणजे शाश्वत जीवन, आणि त्यास मुकणें म्हणजे शाश्वत मृत्यु. बोएथियसचा विचार ज्यास ठाऊक आहे त्याला यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. परंतु कॉलेजच्या चालकांना हें मत धोक्याचें वाटलें. नरकाची मुदत अनिश्चित झाली तर सामान्य लोकांच्या नीतीचा आधार काय, अशी त्यांची शंका होती. त्याच वर्षीं मॉरिस यांना कॉलेजांतून दूर करण्यांत आलें. त्यांनीं पुढच्या वर्षीं लंडनमध्यें कामगारांसाठीं एक कॉलेज स्थापन केलें.

वाद एवढ्यावर मिटला नाहीं. १८६४ सालीं प्रिव्हि कौन्सिलच्या न्यायसमितीपुढें दुसऱ्या एका धर्मोपदेशकाचें प्रकरण आलें, आणि शिक्षा कधीं तरी संपेल अशी आशा बाळगणें हा इंग्लंडच्या चर्चमध्यें कायद्यानें अपराध ठरत नाहीं, असा निकाल लागला. त्यावर सुमारें ११,००० धर्मोपदेशकांनीं निषेधपत्रावर सह्या केल्या ! पुढें १८७७ सालीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्यें फ्रेडरिक विल्यम फॅरार यांनीं या विषयावर प्रवचनें दिलीं, आणि ग्रीक शब्दाचा अर्थ ‘अनंत’ असाच घेण्यास आधार नाहीं असें सांगितलें. हे फॅरार भाषाशास्त्राचे अभ्यासक होते, आणि त्यांचा जन्म १८३१ सालीं आपल्या मुंबईंत झालेला होता. एका विशेषणाच्या अर्थावर हजारों माणसांची झोंप उडावी ही गोष्ट आज चमत्कारिक वाटेल. परंतु आपलें मेलेलें मूल कायमचें यातनांत आहे कीं नाहीं, हा प्रश्न ज्या आईबापांपुढें होता त्यांना ती चमत्कारिक वाटत नव्हती.

धर्मपीठावरून आतां न्यायपीठाकडे वळूं. एखाद्यास जमीन ‘फॉर एव्हर’ दिली असें खतांत लिहिलें, तर ती त्याच्याकडे किती काळ राहील ? सामान्य मनुष्य म्हणेल, सर्वकाळ. परंतु ब्लॅकस्टोन या प्रख्यात कायदेपंडितानें आपल्या ग्रंथाच्या १७६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, अशा खतानें घेणाऱ्यास जमीन मिळते ती फक्त त्याच्या हयातीपुरती. कारण खतांत ‘त्यास व त्याच्या वारसांस’ हे शब्द नाहींत. ‘वारस’ हा शब्द असला कीं जमीन पिढ्यान् पिढ्या चालली. तो राहून गेला कीं नुसतें ‘सदासर्वकाळ’ घेणाऱ्याच्या चितेबरोबर संपलें. शब्दाच्या मुळाशीं ‘आयुस्’ आहे हें न्यायाधीशांना ठाऊक असो वा नसो, त्यांनीं त्याला नेमका त्याच्या मूळ अर्थावर आणून बसविलें. खतांच्या बाबतींतला हा कडक नियम १८८१ च्या कायद्यानें सैल झाला, आणि १९२५ च्या कायद्यानें त्याची गरजच उरली नाहीं.

याच्या उलट बाजूचा एक नियमहि इंग्रजी न्यायालयांनीं घडविला. धनिक लोकांना अशी हौस असे कीं, आपली मिळकत आपल्या मरणानंतरहि शंभर पिढ्या आपल्याच इच्छेनें बांधलेली असावी. १६८२ सालच्या ड्यूक ऑफ नॉरफोक यांच्या प्रकरणांत लॉर्ड नॉटिंगहॅम यांनीं या हौसेस मर्यादा असली पाहिजे हें तत्त्व मांडलें. त्यांतून पुढें असा नियम बनला कीं, हयात असलेल्या माणसाचें आयुष्य आणि त्यावर एकवीस वर्षें, इतक्या काळापलीकडे मेलेल्या धन्याचा हात पोंचूं नये. १८८२ च्या हिंदुस्थानांतील मिळकतीच्या हस्तांतरणाच्या कायद्यांतहि या तत्त्वावर आधारलेलें कलम आहे. येथेंहि काळ मोजण्याची काठी कोणती ? पुन्हा माणसाचें आयुष्यच.

राज्यकर्त्यांच्या कागदांत मात्र हा शब्द मोठ्या उदारपणें वापरला गेला. १५०२ सालीं इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामध्यें ‘चिरंतन शांतते’चा तह झाला, तो दृढ व्हावा म्हणून पुढच्या वर्षीं इंग्लंडची राजकन्या स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्स राजास दिली. १५१३ सालीं तोच राजा फ्लॉडनच्या रणांगणावर इंग्रजांशीं लढतां लढतां पडला. चिरंतन शांतता अकरा वर्षें टिकली. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७९५ सालीं याच नांवाचा निबंध लिहिला, तेव्हां त्याच्या आरंभीं त्यानें एका डच खानावळीच्या पाटीचा उल्लेख केला आहे. त्या पाटीवर ‘चिरंतन शांतता’ हीं अक्षरें असून शेजारीं स्मशानाचें चित्र होतें !

हिंदुस्थानांत या शब्दानें सर्वांत मोठें काम केलें तें बंगालमध्यें. २२ मार्च १७९३ रोजीं लॉर्ड कॉर्नवॉलिस यांनीं जाहीर केलें कीं, जमीनदारांवर बसविलेला सारा आतां ‘फॉर एव्हर’ ठरला. तो पुढें त्यांच्या वारसांवरहि वाढविला जाणार नाहीं. मराठींत या व्यवस्थेस ‘कायमधारा’ हें नांव रूढ झालें. वसुलाच्या अकरा भागांपैकीं दहा भाग सरकारचे आणि एक जमीनदाराचा, असा हिशेब होता. सरकारचा शब्द अढळ असला तरी जमीनदाराच्या शब्दास मुदत होती: ठरलेल्या दिवशीं सूर्यास्तापूर्वीं रक्कम भरली नाहीं तर जमीनदारी लिलावांत निघे. आपल्याकडील जुन्या दानपत्रांत ‘यावच्चंद्रदिवाकरौ’, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत, असें लिहीत. शिलाहारांच्या काळांतील दानशिलांवर चंद्र आणि सूर्य कोरलेले आजहि कोंकणांत पाहावयास मिळतात. बंगालमध्यें मात्र सूर्य एकदां मावळला कीं कित्येक जुन्या घराण्यांचें ‘सदासर्वकाळ’ संपे. आणि ज्यानें जमीन कसावयाची त्या रयतेचा खंड कायम करावयाचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. जमीनदाराचा सारा गोठला, रयतेचा खंड वाढत राहिला. तिला कांहीं संरक्षण देणारे कायदे झाले ते १८५९ आणि १८८५ सालीं. शेवटीं १९५० सालीं बिहारांत व पूर्व बंगालमध्यें आणि १९५३ सालीं पश्चिम बंगालमध्यें झालेल्या कायद्यांनीं ही व्यवस्था मोडीत निघाली. कॉर्नवॉलिस यांचें ‘फॉर एव्हर’ सुमारें एकशें साठ वर्षें चाललें.

मुंबई इलाख्यांतील अधिकाऱ्यांनीं असें वचन दिलें नाहीं. १८३६ च्या सुमारास पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जी पाहणी केली, तींत सारा ठरला तो थेट रयतेशीं, आणि तीस वर्षांच्या मुदतीनें. तीस वर्षांनीं सारा वाढण्याची धास्ती रयतेच्या मागें राहिली, हें खरें. परंतु मुदत आंखून दिलेला शब्द निदान आपली लांबी लपवीत नव्हता.

मराठी माणसाच्या मनाला लागलेला प्रसंग साताऱ्याचा. पेशवाई बुडाल्यावर २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें कंपनी सरकारनें छत्रपति प्रतापसिंह महाराज, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांस साताऱ्याचा मुलूख ‘पर्पेच्युअल’, म्हणजे निरंतर, राज्याधिकारानें दिला. वीस वर्षांनीं, १८३९ सालीं, प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीस पाठविण्यांत आलें आणि त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांस बसविण्यांत आलें. प्रतापसिंहांचा पक्ष मांडण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्यें कित्येक वर्षें झगडत राहिले. एप्रिल १८४८ मध्यें आप्पासाहेब औरस संततीवांचून वारले. मरणापूर्वीं त्यांनीं दत्तक घेतला होता. आतां प्रश्न आला कीं, तहांतील ‘वारस आणि उत्तराधिकारी’ यांत दत्तक पुत्र मोडतो कीं नाहीं. हिंदुधर्मशास्त्राप्रमाणें त्याचें उत्तर उघड होतें. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचें मतहि दत्तकाच्या बाजूचें होतें. परंतु गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनीं सार्वभौम सरकारच्या संमतीवांचून घेतलेला दत्तक राज्याचा वारस होऊं शकत नाहीं असें ठरविलें, आणि विलायतेंतील डायरेक्टरांनीं तें मान्य केलें. सातारा खालसा झालें. ‘निरंतर’ हा शब्द तीस वर्षेंहि टिकला नाहीं.

ब्लॅकस्टोनचा नियम आणि डलहौसींचा निर्णय शेजारीं शेजारीं ठेवले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. दोन्हीकडे ‘सदासर्वकाळ’ हा शब्द स्वतःच्या बळावर उभा राहिला नाहीं. तो ‘वारस’ या दुसऱ्या शब्दाच्या खांद्यावर होता. वारस कोण, हें ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हातीं, त्याच्याच हातीं अनंतकाळाची दोरी. त्यांतहि इंग्लंडांतील घेणाऱ्यास निदान तिऱ्हाईत न्यायाधीश मिळे. साताऱ्याच्या प्रकरणांत वचन देणारा आणि वचनाचा अर्थ लावणारा एकच होता.

असें असलें तरी प्रत्येक तहांतला शब्द फुकट गेला असें नाहीं. १७१३ च्या युट्रेक्टच्या तहानें स्पेननें जिब्राल्टर इंग्लंडला ‘फॉर एव्हर’ दिलें, आणि स्पेननें पुष्कळ प्रयत्न करूनहि तें अद्यापि इंग्रजांकडेच आहे. हाँगकाँगची गोष्ट याहून निराळी. १८४२ च्या नानकिंगच्या तहानें तें बेट इंग्रजांस कायमचें मिळालें. १८९८ सालीं त्याच्या पाठीमागील मुलूख नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानें मिळाला. पट्टा संपण्याची वेळ आली तेव्हां बेटाला त्या मुलुखावांचून चालेना, आणि १९९७ सालीं दोन्ही चीनकडे परत गेलीं. मुदतीच्या शब्दानें कायमच्या शब्दास आपल्याबरोबर ओढून नेलें.

इकडे लिहिण्याच्या पद्धतींतहि फरक पडत होता. पूर्वीं ‘फॉर’ आणि ‘एव्हर’ हे दोन शब्द निराळे लिहीत. एकोणिसाव्या शतकांत ते जोडून लिहिण्याची चाल वाढली. कॅल्व्हर्ली या विनोदी कवीनें १८७२ च्या आपल्या संग्रहांत या जोडणीची थट्टा करणारी एक कविताच घातली आहे. अमेरिकेंत जोडशब्द रूढ झाला, आणि मग व्यापाऱ्यांनीं तो उचलला. १९४७ सालीं एका हिऱ्यांच्या कंपनीच्या जाहिरातीसाठीं हिरा हा ‘फॉर एव्हर’ असतो असें वाक्य रचलें गेलें, आणि तें जगभर गेलें. हिरा जळतो हें लाव्हाझिए यानें १७७२ सालींच प्रयोगानें दाखविलें होतें, आणि १७९७ सालीं टेनंट यानें तो निव्वळ कोळशाचाच भाऊ असल्याचें सिद्ध केलें होतें. पण जाहिरातीस रसायनशास्त्राची साक्ष लागत नाहीं. २००७ सालीं अमेरिकेच्या टपाल खात्यानें ‘फॉर एव्हर’ तिकीट काढलें: दर कितीहि वाढले तरी आधीं घेतलेलें तिकीट साध्या पत्रास पुरावें. या विनम्र कागदी तुकड्यानें शब्दाचा अर्थ पुष्कळ मोठ्या तहांपेक्षां अधिक नेमका करून दिला आहे.

सर्वांत अलीकडचा वापर मात्र काळजी करावयास लावणारा आहे. तव्यास अन्न चिकटूं नये, कापड भिजूं नये, म्हणून विसाव्या शतकांत अशीं रसायनें बनविलीं गेलीं कीं, ज्यांत कार्बन आणि फ्लुओरिन यांची गांठ फार पक्की असते. ती निसर्गांत सहजासहजीं सुटत नाहीं. म्हणून हीं द्रव्यें पाण्यांत, मातींत आणि माणसाच्या रक्तांतहि सांठत राहतात. २०१८ पासून त्यांना इंग्रजींत ‘फॉर एव्हर केमिकल्स’ असें म्हणूं लागले. येथेंहि ‘अनंतकाळ’ हा अर्थ अक्षरशः खरा नाहीं. पण मनुष्याच्या आयुष्याच्या मानानें तो पुरेसा खरा आहे, आणि या शब्दाचें माप आरंभापासून तेंच होतें.

राजांनीं दिलेलीं वचनें, पंडितांनीं केलेल्या व्याख्या आणि बाजारांतल्या जाहिराती यांतून हा शब्द फिरत आला, तरी ‘आयुस्’शीं असलेलें त्याचें नातें तुटलें नाहीं. म्हणून कोणत्याहि खतांत, करारांत किंवा कायद्यांत ‘सदासर्वकाळ’ हा शब्द आढळला, तर सुज्ञ वाचकानें दोन प्रश्न विचारावे: हें वचन कोणाच्या आयुष्यानें मोजावयाचें, आणि त्या शब्दाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे राहणार. साताऱ्याच्या तहाच्या वेळीं दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर कागदावर आलें नव्हतें, आणि त्याची किंमत एका राज्याला द्यावी लागली.